हाक मारून पुढे जाणारा

आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात लाटांचा अंदाज काढणारा मोठा कॉम्प्युटर माझा एक सहकारी सांभाळतो. दारादारात "चहाला चला हो" म्हणतो आणि उत्तर न ऐकताच पुढे जातो, म्हणून मला तो शिष्टच वाटायचा.

लाईट जाऊन आली की कॉम्प्युटर सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागत. तोवर पूर्णगडच्या होड्या अंदाजासाठी खोळंबत. आतल्या अनेक प्रोसेसरांपैकी एकाला उठवायचं, त्याचं उत्तर आलं की मगच दुसऱ्याला, असा कारभार चालायचा म्हणून वेळ जातो, हे यानंच शोधून काढलं.

"सगळ्यांना हाका मारून ठेवायच्या, नि मग थांबायचं," म्हणाला, आणि तसं करून दाखवलं. आता दोन मिनिटं पुरतात.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी सर्वांत शेवटी पोचलो. तो कपाला हात न लावता बसला होता. चहावर साय धरली होती.