वाघीण उसात, सहभाग हॉटेलात

गावाच्या तोंडाशी बस उभी होती आणि तिच्यात चढायला एकही माणूस तयार नव्हता. बस मीच लखनौच्या आलमबागहून ठरवून आणली होती. लखनौतच एका हॉटेलात त्या दुपारी कार्यक्रम होता, विषय ‘वन्यजीव संरक्षणात लोकसहभाग’. त्यासाठी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या गावातून लोक आणायचे होते. आमच्या संस्थेचं ऑफिसही लखनौतच, इंदिरा नगरला. मी तिथे कम्युनिटी कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे साहेबांचं गावाला आणि गावाचं साहेबांना सांगायचं, आणि दोन्हीकडून बोलणी खायची.

लोक येत नव्हते कारण गावच्या उसात वाघीण होती, पिल्लांसकट. तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या या सखल पट्ट्यात, हे नवं नाही. उंच, दाट ऊस आणि शेजारी कालव्याचं पाणी, वाघिणीला ते जंगलच वाटतं. भानगड होते ती तोडणीच्या वेळी. चारही बाजूंनी ऊस तुटत जातो, मध्ये एक तुकडा उरतो आणि त्यात ती अडकते. मग मोबाइल घेऊन बघे जमतात. पिल्लं असलेली वाघीण पळत नाही, अंगावर येते. त्यात एखादा माणूस गेला की लोक लाठ्या घेऊन निघतात. मग ना वाघीण वाचते, ना पिल्लं.

या गावानं मात्र डोकं लावलं होतं. वाघीण होती ते शेत रामकली चाचींचं. चाची एकट्या राहतात, साठीच्या आहेत आणि त्यांचा शब्द गावात चालतो. त्यांच्या नावाची पर्ची आली होती. पर्ची म्हणजे साखर कारखान्यानं दिलेली पाळी. त्या दिवसांत ऊस घातला नाही तर तो शेतात उभा वाळतो. चाचींनी तोडणी थांबवली. शेजाऱ्यांनी आपला ऊस त्यांच्या पाळीला घातला आणि आपली पुढची पाळी त्यांना देऊ केली. नियमात हे बसत नाही. पण लग्नघरी खाटा जशा या घरातून त्या घरात जातात, तशा इथे पाळ्या फिरतात. बाकीच्यांनी तोडणी गावाकडून सुरू केली आणि कालव्याची, म्हणजे जंगलाची बाजू मोकळी सोडली. वाटेवर आळीपाळीनं उभं राहून बघ्यांना परत पाठवायचं कामही तेच करत होते. गावाला दिलेल्या ट्रेनिंगमध्ये आम्ही यातलं निम्मंही शिकवलं नव्हतं.

मी डायरेक्टरना, श्रीवास्तव सरांना, फोन लावला.

“सर, कोई नहीं आ पाएगा. बाघिन खेत में है.”

“तो फॉरेस्टवालों को बोलिए न.”

“उनके दो गार्ड हैं, सर. भीड़ तो गाँववाले ही रोक रहे हैं.”

“देखिए मैडम, दिल्ली से फंडर आ रहे हैं. कम्युनिटी पार्टिसिपेशन का प्रोग्राम है, और कम्युनिटी ही नहीं होगी?”

मी म्हटलं, पार्टिसिपेशन इथे चालू आहे, फंडरनाच इकडे घेऊन या. त्यावर ते म्हणाले, “हॉल बुक है.”

तरी नोकरी म्हणून मी चाचींकडे गेले. निम्मे लोक तरी पाठवता का, म्हणून विचारलं. लखनौत करायचं काय असतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही वाघ कसा वाचवता ते स्टेजवरून सांगायचं. हे बोलता बोलताच मला माझ्याच नोकरीची लाज वाटली. मी बस परत पाठवली आणि तिथेच थांबले. सरांनी ड्रायव्हरला परस्पर फोन करून हायवेवरच्या दुसऱ्या एका गावातून ती भरून घेतली, हे मला नंतर कळलं.

दुपारी बाजारातून मोटारसायकली आल्या. पोरांना वाघिणीचा व्हिडिओ हवा होता. गावच्या लोकांनी समजावलं, गार्डनी दरडावलं, पण ती ऐकेनात. एक जण तर बांधावर चढलाच. तेव्हा चाचींनी घरून खाट आणवली, वाटेत आडवी टाकली आणि तिच्यावर बसल्या.

“जिसको जाना है, हमको लाँघ के जाए,” त्या शांतपणे म्हणाल्या.

म्हाताऱ्या बाईला ओलांडून कोण जाणार? अर्धा तास कुरकुर करून पोरं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या चिखलात वाघिणीचे ठसे होते. जाताना, परत येताना, पुन्हा जाताना. गार्डनी काठावर बांधलेल्या कॅमेऱ्यात ती तोंडात पिल्लू धरून जाताना दिसली. माणूस सुखरूप, वाघीण सुखरूप, पिल्लं जंगलात. मला रडूच आलं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात मीटिंग झाली. बसमधून आलेल्या गावाला शाली आणि ट्रॉफी मिळाली होती. सर म्हणाले, आपल्या त्या गावाचं पार्टिसिपेशन वीक पडलं, आता प्रोजेक्ट या नव्या गावात न्यायचा. नव्या गावानं वाघ फक्त आमच्या पोस्टरवर पाहिलाय, असं मी सांगितलं. भांडले म्हणा ना. पण फंडरनी हॉलमध्ये जे पाहिलं ते खरं. गावाला हे कळवायचं कामही अर्थातच माझ्याकडेच आलं.

चाची शेजाऱ्याच्या पाळीवर आपला ऊस तोडून घेत होत्या. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांनी कोयता थांबवून ऐकून घेतलं.

“अच्छा. तो बाघिन को बता दिया, बिटिया? कि अगली दफ़ा उधर जाके ब्याए?”

पुढची पिल्लं कुठे घालायची, हे वाघिणीला कळवायचं काम तेवढं अजून माझ्याकडे आलेलं नाही. ऑफिसात नव्यानं येणाऱ्यांना मात्र मी पहिल्याच दिवशी सांगते, जे गाव बस भरून कार्यक्रमाला येतं, त्या गावात बहुतेक वाघ नसतो.