बेटावरची खारट पेज

चुलीत नारळाची सोडणं धुमसली की मला धाकट्या भावाचा तो सदरा आठवतो. शाळेच्या बालवीरांची छावणी गावासमोरच्या बेटावर जायची होती. मुलींना नेत नव्हते. मग तांदूळ, मीठ, काड्यापेटी मी बांधून दिली आणि अंगणात तीन दगड मांडून त्याला पेज शिजवायला शिकवली. परतला तो काळवंडून, धुराने आणि खाऱ्या वाऱ्याने माखलेला. मी सदरा धुवायला घेतला आणि त्याची टकळी सुरू झाली. होडीतून उतरताच लाल कुर्ल्या पायांखालून पळाल्या, वाऱ्याने तंबू उडवला, सगळे त्यामागे धावले. मला एकेक गोष्ट टोचत होती. "आणि पेज?" मी विचारलं. "अक्का, तू सांगितलंस तेवढंच मीठ टाकलं, पण विहिरीचं पाणीच मचूळ. कोणाला गिळवेना. मास्तर म्हणाले, बहिणीचं नाव काढलंस." "आधी पाणी चाखायचं नाही, मेल्या?" "तिथे कुणाला सुचतंय? समोर एवढा समुद्र होता." मी सदरा दगडावर जोरात आपटला. आज माझ्या घरात मिठाचा अंदाज कधी चुकत नाही. पण समोरचं बघता बघता चुलीवरचं भान सुटावं, असं काही माझ्या वाट्याला आलं नाही, आणि त्याचा हेवा अजून जात नाही.