अंगठ्याचा ठसा

माझे सासरे जिनपेई पन्नास वर्षं चाकावर वाडगे घडवत आले. आमच्या डोंगरातल्या कुंभारगावात भांड्यावर कुणी नाव घालत नाही आणि बाई चाकाला हात लावत नाही. सासूबाई, त्सुने, फक्त माती मळायच्या.

एकदा आम्ही तिघं टोकियोतल्या एका संग्रहालयात गेलो, तर काचेआड आमचाच वाडगा दिसला. खाली पाटी होती 'मुमेई', म्हणजे घडवणारा अज्ञात. सासरे भडकलेच. "अज्ञात? अहो, जिवंत उभा आहे ना मी इथे! तळाशी माझा अंगठा दाबलेला असणार, बघा!"

संग्रहालयाच्या बाईंनी वाडगा काढून उलटा केला. ठसा होता. सासऱ्यांनी त्यावर अंगठा टेकवला, तर अंगठा ठशाच्या दोन्हीकडून बाहेर आला. भाजल्यावर माती आकसते, पण इतकी नाही. त्यांनी अंगठा पुन्हा टेकवून पाहिला.

"एका हिवाळ्यात तुम्ही अंथरुणाला खिळला होतात," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा भट्टी काय आपोआप भरली?"

 

"मग पाटीवर कुणाचं नाव लिहू?" संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं.

"आहे तेच राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "निदान यांचं तरी लागलं नाही."