दोन गाण्यांमधली विडी

निपाणीच्या बाजारात विडी कारखान्याचा ग्रामोफोन वाजवणारा एक माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा होता. नाव मात्र मी कधी विचारलं नाही. गाणी लोकांना फुकट, खर्च कारखान्याचा; त्याबदल्यात त्यानं विडीची जाहिरात ओरडायची. तबकडी तो धोतराच्या सोग्यानं पुसायचा आणि गाणं चालू असताना खोकायचासुद्धा नाही. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. गाणं तीन मिनिटांचं. तबकडी उलटणं, सुई बदलणं, चावी देणं यात चाळीस सेकंद, जाहिरात तेवढ्यातच.

एका बाजारी कारखान्याचे मालक स्वतः आले. "गाण्याच्या मधीच वरडायचं. न्हायतर उद्यापासनं पेटी बंद."

"आप्पा, गाणं मोडायला मला जमणार न्हाय," तो शांतपणे म्हणाला. "तुमीच वरडा."

मालक भर गाण्यात ओरडले. पुढ्यात बसलेली भाजीवाली आक्का उखडली. "गप बसा की वो. गाणं ऐकू द्या, मग इका तुमची विडी."

सगळे हसले. मालकांचा चेहरा उतरला.

गाणं संपलं तसं तो म्हणाला, "आता बोला आप्पा. आता समदी ऐकत्यात."

मालक बोलले. कोणी जागचं हललं नाही. यानं चावी मुद्दाम सावकाश दिली; माझ्या घड्याळात पुरं दीड मिनिट.

मग मालक आक्काशेजारी जमिनीवरच बसले. म्हणाले, "लाव रं फुडचं. आनि फुडल्या बाजाराला चार नव्या तबकड्या आण."