कडुलिंबावरची शेंदराची रेघ

उमरखेडजवळच्या एका तांड्यावर पुराची एकुलती एक खूण मी स्वतःच्या हाताने पुसली. आज घराला चुना देताना तो ओला, उग्र वास आला आणि साठ सालच्या सुमाराचा तो कडुलिंब आठवला.

मी पुराचा अभ्यासक. तांड्याची नवी घरं नदीपासून किती उंचावर बांधायची, ते मी सांगणार होतो. पाण्याची उंची मोजायचे आकडे रंगवायला मला ते सरळ खोड आवडलं. त्यावर शेंदराची रेघ होती. देवाचं असेल म्हणून आधी हात जोडले, मग बादलीभर चुना फासला.

तांड्याच्या नायकाची म्हातारी आई धावत आली. मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढलं, तिथं दरवर्षी तीच शेंदूर लावायची.

"आता उंची किती धरू, माय?" मी चाचरत विचारलं.

ती खोडाला टेकून उभी राहिली आणि गळ्यावर हात ठेवला. "पानी इथवर आलतं. लेकरू डोक्यावर धरलं होतं म्या."

मी तिच्या गळ्याच्या उंचीला टेप लावली. तेव्हा मला फक्त माझी फजिती दिसत होती. गळ्यावरचा तो हात आज दिसतो.

मी टेप गुंडाळली. मग ती म्हणाली, "नदीले इतक्या वर्सात जे नाई जमलं, थे तुमी एका बादलीत केलं, सायेब!"