सही त्यांची, चूक माझी

डॉ. उषा मिरजगावकर यांच्याशी माझा परिचय झाला तो त्यांची चूक काढण्यापासून. नागपूरहून संख्याशास्त्राची पदवी आणि तिच्याबरोबर येणारा ताठा घेऊन मी परदेशात, सस्काटून शहराच्या विद्यापीठात दाखल झाले होते. पहिल्याच भेटीत, त्यांच्या एका जुन्या निबंधातील कोष्टकाची बेरीज जुळत नसल्याचे मी त्यांना सर्वांसमक्ष सांगितले. खोलीतील विद्यार्थी खाली पाहू लागले. उषाताईंनी चष्मा लावला, कोष्टकावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "चला, इतक्या वर्षांत कोणीतरी वाचलं." त्याच दुपारी त्यांनी संबंधित नियतकालिकाला दुरुस्तीचे पत्र पाठवले आणि चूक दाखवणारी म्हणून त्यात माझे नाव घातले. मी ते माझ्या हुशारीचे प्रशस्तिपत्र समजले. ते पत्र लिहिणाऱ्या व्यक्तीविषयी त्यातून काही शिकावे, हे मला सुचले नाही.

ताईंचे कार्य आपण सर्व जाणताच. कॅरिबियन समुद्रातील एका लहानशा बेटावर, आणि जगात अन्यत्र कोठेही नाही, असा एक हमिंगबर्ड राहतो. आपल्याकडच्या शिंजिराची आठवण व्हावी एवढाच, पण फुलापुढे हवेत स्थिर राहणारा. अर्धे वर्ष बर्फाखाली असणाऱ्या गावातील एका मराठी बाईंनी आपले आयुष्य या उष्ण प्रदेशातील पक्ष्याला दिले, याचे मला प्रथम हसू येत असे. दर हिवाळ्यात त्या बेटावर जात. तेथील कोरड्या जंगलाच्या टेकडीवर पहाटेपासून बसत. दिसलेला प्रत्येक पक्षी, त्या वेळचे फूल, वारा, सारे वहीत उतरे. या पक्ष्याला धोक्यातील प्रजातींच्या कोणत्या वर्गात ठेवावे, याची शिफारस करणारे टिपण त्यांच्याच सहीने तज्ज्ञांच्या समितीकडे जात असे.

त्यांच्या ममतेचा अनुभव नसलेला विद्यार्थी विरळा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी एका बेसमेंटमध्ये राहत होते. एका सकाळी ताई स्वतः गाडी चालवत आल्या, लेकीचे जुने बूट माझ्या पायांपुढे ठेवले आणि विचारले, "मोजे दोन घातलेस का गं? आणि घरमालकाआधी ड्राइव्हवे शोव्हल करून टाक, म्हणजे तो वर्षभर गोड बोलेल." उपकार मानायचे सोडून मी म्हणाले की बर्फ उपसण्याला 'शोव्हल करणे' म्हणणे हे काही मराठी नव्हे. ताई हसल्या. "तुझं मराठी फार छान आहे. पण बर्फ अजून अंगणातच आहे."

आता मूळ विषयाकडे येते. ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला पाठवलेल्या पत्रात सुचवले होते की, ताईंनी भर परिषदेत स्वतःची चूक मान्य केली, तो प्रसंग मी लिहावा. त्यांचा मोठेपणा त्यातून उत्तम प्रकट होतो. प्रसंग खरा आहे. चूक मात्र ताईंची नव्हती. ती माझी होती, आणि हे वाक्य लिहायला मला तीन वर्षे लागली आहेत.

त्या वर्षीच्या टिपणाचे गणित ताईंनी माझ्यावर सोपवले होते. बेटावरील स्वयंसेवकांनी भरलेले तक्ते माझ्यासमोर होते. पक्षी कोठे दिसला याचा एक रकाना त्यांत होता. कोणी तेथे 'अंगण' लिहिले होते, कोणी 'बाटली', कोणी नुसती फुली मारली होती, कित्येक जागा कोऱ्या होत्या. मला गबाळेपणा सहन होत नाही. मी तो रकानाच काढून टाकला. उरलेली माहिती इतकी स्वच्छ झाली की आलेखाची रेषा डौलाने वर गेली. पक्षी वाढत होते.

ताईंनी मसुद्याच्या समासात पेन्सिलीने विचारले, "बाटल्यांजवळच्या नोंदी वेगळ्या काढल्यास ना?" बेटावरील पाहुणघरांच्या ओसरीवर साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात, त्यांवर हे पक्षी येतात, त्यांच्याबद्दल तो प्रश्न होता. मी उत्तर दिले की माझ्या पद्धतीत त्याची काळजी घेतलेली आहे. घेतलेली नव्हती. तो रकाना पुन्हा उघडून पाहणे मला कमीपणाचे वाटले, एवढेच. ताईंनी माझ्या शब्दावर सही केली. समितीने पक्ष्याला 'चिंतेचे कारण नाही' या वर्गात टाकले.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मला बेटावर नेले. डेल्फीन नावाच्या वृद्ध बाईंच्या पाहुणघरात आम्ही उतरलो. पहिल्या दिवशी ताई टेकडीवर गेल्या आणि मला ओसरीवर, बाटलीसमोर दिवसभर बसायला सांगून गेल्या. मी वही उघडून मोजू लागले. दुपारी डेल्फीनबाई भाजी चिरता चिरता माझ्या वहीत डोकावल्या.

"एवढ्या रेघा कसल्या?"

प्रत्येक रेघ म्हणजे एक पक्षी, असे मी सांगितले.

त्या खुदकन हसल्या. "अगं मुली, शेपटीचं पीस तुटलेली ती बघ. सकाळपासून तीच येतेय. दुसरा तिचा तो भांडखोर शेजारी. तुमची माणसं आली की मोजतच सुटतात. मला वाटायचं, यांना हे दोघे फार आवडतात."

पाहुणे वाढले होते, बाटल्या वाढल्या होत्या, रेघा वाढल्या होत्या. पक्षी वाढले नव्हते. काढून टाकलेला तो रकाना मी त्या संध्याकाळी पुन्हा जोडला. कोणाच्या ओसरीवरची नोंद कोणती, हे डेल्फीनबाई शेजारी बसून सांगत गेल्या. ओसरीवरच्या नोंदी वगळताच जंगलातील रेषा सरळ खाली आली.

दुसऱ्या दिवशी ताईंबरोबर टेकडीवर गेले. पूर्वेचा पट्टा तोडलेला होता. बुंध्यांपलीकडे एका हॉटेलचा नवा रस्ता दिसत होता. ती टेकडी राखीव ठेवण्याचा प्रस्ताव, पक्षी सुखरूप आहे म्हणून, आमच्याच टिपणाच्या आधारे मागे ठेवला गेला होता. मी रडत कबूल केले. ताई एका बुंध्यावर बसल्या, वही उघडली आणि तोडलेले बुंधे मोजून लिहू लागल्या. त्याहून कठोर शिक्षा मला कोणी केलेली नाही.

परिषदेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मागचं टिपण चुकीचं होतं. चूक माझी आहे. नवी मोजणी आपल्यापुढे ठेवते." मी दुसऱ्या रांगेत होते. नंतर गाडीत मी विचारले की त्यांनी माझे नाव का घेतले नाही.

"सही माझी होती. तपासणं माझं काम होतं," त्या म्हणाल्या. "तुझा वाटा तू सांगायचा की नाही, ते तू ठरव. तो मी परस्पर वाटून टाकणं बरं नव्हे."

मी गप्प राहिले. कायमस्वरूपी वास्तव्याचा माझा अर्ज तेव्हा विचाराधीन होता, हे कारण मी स्वतःला देत असे. अर्ज मंजूर झाला, किचनर शहरात चांगली नोकरी लागली, तरी गप्पच राहिले. गेल्या वर्षी तेथील एका मराठी घरी चहाच्या वेळी ताईंचा विषय निघाला. कोणी म्हणाले, बाई मोठ्या खऱ्या, पण वय झालं. त्या पक्ष्याच्या गणितात कशा घसरल्या बघा. सगळ्यांनी माना हलवल्या. मी कप उचलला आणि चहा प्याले. इतरांच्या बेरजा तपासण्यात जिचे आयुष्य गेले, तिने ती एक बेरीज चुकीची राहू दिली.

समितीने नवी मोजणी स्वीकारली असून पक्षी आज 'संकटग्रस्त' वर्गात आहे. टेकडीचा उरलेला भाग राखीव झाला आहे. पूर्वेचा पट्टा परत येणार नाही. या लेखाने तर नाहीच.

गौरवमूर्तींना लेख आधी दाखवू नये, असा संकेत आहे. मी तो मोडला. ताईंचा फोन आला. पक्ष्याच्या वर्णनात मी चोचीची लांबी वाढवून लिहिली होती, ते वाक्य त्यांनी काढायला लावले. मी विचारले, बाकीचे?

"बाकीचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "छापू दे."

ताईंनी पंचाहत्तरी पूर्ण केली आहे आणि येत्या हिवाळ्यात त्या पुन्हा बेटावर निघाल्या आहेत. त्यांचे गुडघे आणि डोळे त्यांना पुढची कित्येक वर्षे टेकडीवर नेवोत, प्रकृती उत्तम राहो, आणि यापुढे त्यांच्या नावावर फक्त त्यांच्याच चुका नोंदवल्या जावोत, ही प्रार्थना. त्या चुका फारशा भरणार नाहीत.