भिंतीवरची बशी

आमच्या शेजारच्या सिस्टर ओव्हनमधून काढलेला पाव फडक्यात धरून उलटा करायच्या, बोटांच्या पेरांनी त्याच्या बुडावर दोनदा ठोकायच्या आणि कान लावायच्या. बंद दारामागे कोणी आहे का बघावं, तसं. पोकळ आवाज आला की म्हणायच्या, "ग्रँड."

आपण नारळ कानाशी हलवतो, कलिंगडावर टिचकी मारतो. पण पावाला कान लावणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. तुम्हीही पाहिली नसणार.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मस्कतला अझैब्यात आमच्या घराला लागून त्यांचं घर होतं, मध्ये कमरेएवढी भिंत. साठीच्या जवळ आलेल्या, मूळच्या आयर्लंडच्या, एका दवाखान्यात नर्स. नवरा आम्ही तिथे राहायला जायच्या आधीच वारला होता आणि तिथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत होता. मी त्यांना सिस्टर म्हणायचे. त्या मला वहिनी म्हणायच्या, कारण येणारा-जाणारा प्रत्येक मराठी माणूस तेच म्हणतो, तेव्हा माझं नावच ते असणार.

सगळ्याला त्यांचा एकच शब्द. जून महिन्यात एसी बंद पडला, तरी "ग्रँड, वहिनी, ग्रँड."

त्यांच्या पावात यीस्ट नाही. खायचा सोडा आणि ताक. दुकानातलं लबन, म्हणजे तिकडचं ताक, त्यांना खारट लागे, म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी भिंतीवर माझा जग रिकामा होऊन यायचा. मी ताक भरून ठेवायची. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी त्याच जागी फडक्यात गुंडाळलेला गरम पाव, वर सुरीनं मारलेली फुली. त्या फुलीतून पऱ्या बाहेर जातात म्हणे. पहिल्या खेपेला मी उदार मनानं ताकात हिंग, जिरं आणि वाटलेली मिरची घातली होती. त्यांनी तसाच पाव भाजला, खाल्ला, आमचा वाटाही पाठवला. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "ग्रँड होता. पुढच्या वेळी हिरवं काही नको."

मी तेव्हा तिशीची होते. बी.एस्सी. पहिला वर्ग, आणि जगाला शिकवण्यासाठीच आपल्याला परदेशी पाठवलंय अशी माझी ठाम समजूत.

ऑक्टोबरचा शेवटचा दिवस होता. सूर्यास्ताची, मगरिबची बांग होत होती. मी वाळलेले कपडे दोरीवरून काढायला मागे गेले, तर भिंतीवर निळ्या काठाची एक बशी. उकडून घोटलेला बटाटा, त्यात कोबी आणि पातीचा कांदा, मधोमध खड्डा करून त्यात वितळलेल्या लोण्याचं तळं. शेजारी एक चमचा. माणूस कुठेच नाही.

मला वाटलं, आमच्यासाठीच ठेवलंय. चाखून पाहिलं. मिठापलीकडे काही नाही. बिचारी फोडणी विसरली, असं म्हणून मी कढई चढवली. मोहरी, हिंग, हळद, चार मिरच्या, कढीपत्ता. आमच्या ह्यांनी दोनदा मागून घेतलं. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आईची शिकवण. म्हणून त्यातलंच थोडं बशीत घालून मी सिस्टरांच्या दारात उभी राहिले. बघा, असं करायचं असतं, हे सांगायला.

त्यांनी बशी घेतली. पिवळ्याधमक बटाट्याकडे पाहिलं.

"वहिनी, ही बशी तुझ्यासाठी नव्हती."

"मग?"

"त्याच्यासाठी. आमच्याकडे आजच्या संध्याकाळी वारलेली माणसं घरी येतात. माझी आई ठेवायची, तिची आई ठेवायची. तो रोज संध्याकाळी त्या भिंतीवर कोपर टेकून सिगरेट ओढायचा, म्हणून मी तिथे ठेवते."

जमीन फाटली असती तर मी तिच्यात चमच्यासकट गेले असते. सॉरी, सॉरी एवढंच म्हणत राहिले. सिस्टरांनी एक घास खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं. मिरची होतीच तशी.

"त्याला हे आवडलं असतं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं माझ्या हातचं अळणी खाल्लं त्यानं, आणि कधी बोलला नाही." मग उरलेलं तसंच नेऊन त्यांनी भिंतीवर ठेवलं.

त्यानंतर पाच-सहा वर्षं मी ती बशी दर ऑक्टोबरला लांबून पाहिली.

मग सिस्टरांची नोकरी संपली. तिथे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की माणसानं निघायचं. कबर काही सामानात बांधता येत नाही. जायच्या आठवड्यात त्या शेवटचा जग परत करायला आल्या, आणि बशीही घेऊन आल्या.

"भिंत अर्धी तुझी आहे, म्हणून विचारते. वर्षातून एकदा ठेवशील?"

आता मी काय म्हटलं ते ऐका, आणि हसायचं तर हसा. आमच्या घरात वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा श्राद्ध, पिंड, कावळा सगळं बंद केलं होतं. मेलेल्याला घास पोचत नाही, भुकेल्याला पोचतो, असं ते म्हणायचे. ते खरंच आहे, आजही मला खरंच वाटतं. पण मी त्या बाईला दारात उभं करून पाच मिनिटं भाषण दिलं. बुद्धी, विज्ञान, अंधश्रद्धा. शेवटी म्हटलं, "सिस्टर, आम्ही हे मानत नाही."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ग्रँड." आणि बशी मात्र ओट्यावर ठेवून गेल्या.

त्यांच्या घरात दुसरे लोक आले. ऑक्टोबर संपत आला तशी ती बशी मला फळीवरून दिसू लागली. शेवटच्या दिवशी मी बटाटे उकडले. का, ते ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कोबी, पात, लोण्याचं तळं. बांग झाली तशी भिंतीवर नेऊन ठेवली. सकाळी बशी चाटूनपुसून स्वच्छ. अझैब्याची मांजरं. म्हणजे घास भुकेल्यालाच पोचला. वडिलांनाही हरकत घेता आली नसती.

दर वर्षी ठेवत गेले. दर नाताळात सिस्टरांचं कार्ड यायचं. त्यांनी कधी विचारलं नाही. मीही उत्तरात मुलांचे मार्क, उन्हाळा, खजुराचे भाव लिहायची. "बशी ठेवली" एवढे दोन शब्द लिहायचे होते. ते भाषण मागे घ्यावं लागलं असतं, म्हणून लिहिले नाहीत. पुढच्या वर्षी लिहू म्हणायची.

एका डिसेंबरात कार्डाऐवजी त्यांच्या भाचीचं पत्र आलं. मावशी उन्हाळ्यात गेली, म्हणून. तिकडेच, तिच्या गावात पुरलं. दोघांच्या मध्ये अख्खा समुद्र.

आता आम्ही इकडे परत आलोय. भिंत तिथेच राहिली, बशी आली. ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी ती गॅलरीच्या कठड्यावर असते. नात विचारते, "आजी, आपण हे मानत नाही ना?" मी म्हणते, "मुळीच नाही. तो चमचा दे."

बटाटा अर्धा पांढरा, अळणी. अर्ध्याला फोडणी, चार मिरच्यांची. मध्ये लोण्याचं तळं, दोन्हीकडे एकेक चमचा. ठेवून झालं की कठड्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकते, आणि थोडा वेळ कान देऊन उभी राहते.